एकशे तेरावे वाक्य

"नमस्कार, रुग्णालय. कोणाला जोडून देऊ?"

"ते पेपरात आलंय ना, बोलायचं ॲप. त्या बाई हव्या होत्या."

"मीच ती. पण हा रुग्णालयाचा नंबर आहे."

"असेल. पेपरात हाच छापलाय."

सोमवारी सकाळी साडेआठच्या आत ऑपरेटरबाईंनी हे संभाषण सोळा वेळा केले होते. सतराव्या फोननंतर त्यांनी कालचा पेपर पुढे ओढला, चष्मा वर सरकवला आणि बातमीच्या तळाशी नीट पाहिले. नंबर खरोखरच रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डाचा होता. छापणाऱ्याची चूक नव्हती. वार्ताहर मुलीने विचारले होते, "मॅडम, तुमचा नंबर सांगा," आणि अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने बाईंच्या तोंडून बोर्डाचाच नंबर बाहेर पडला होता. स्वतःचा मोबाईल नंबर त्यांना पाठच नव्हता. त्या नंबरवर फोन करणारी माणसे चार, आणि त्या चौघांकडे तो होता.

बातमी अर्ध्या पानाची होती. मथळा होता, 'पतीच्या मौनाला पत्नीचा आवाज'. वाचून बाई वैतागल्या होत्या. मौन माणूस स्वतःहून धरतो. त्यांच्या नवऱ्याचे बोलणे कोणीतरी काढून नेले होते.

नवऱ्याला सगळे गाव 'कोच' म्हणत असे. सार्वजनिक तलावावर पोहायला शिकवण्यात त्यांचे आयुष्य गेले. भोंगा, कर्णा असले काही त्यांनी कधी हातात धरले नाही. या काठावरून ओरडले की पन्नास मीटरवरच्या पोराचा हात पाण्यात सरळ व्हायचा. रोज दुपारी बरोबर चार वाजता, लहान मुलांची तुकडी सुरू व्हायच्या आधी, ते तलावाच्या कचेरीतून बोर्डावर फोन करीत. "नमस्कार, रुग्णालय. कोणाला जोडून देऊ?" असे बाई म्हणत, आणि पलीकडून गंभीर आवाजात उत्तर येई, "ज्या बाई बोलताहेत, त्यांनाच द्या." मग भाजी काय आणू, छत्री नेलीस का, एवढेच. मिनिटभराचे काम. हा विनोद पंचवीस वर्षे रोज झाला आणि बाईंनी त्याला एकदाही हसून दाद दिली नाही. हसल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी तो आला नसता, अशी त्यांना धास्ती होती.

तीन वर्षांपूर्वी मेंदूत रक्ताची गाठ अडकली. उजवा हात लुळा पडला, पाय हळूहळू सुधारला आणि बोलणे गेले. समजत सगळे होते. बातम्या ऐकून कपाळाला आठ्या पडत, जुने शिष्य भेटायला आले की डोळे भरून येत. पण तोंडातून शब्द निघे तो एकच, "बरं". हो म्हणायला बरं, नाही म्हणायला बरं, रागावले की बरं. तोही पूर्वीचा आवाज नव्हे, घशात काहीतरी अडकल्यासारखा जाड. बाईंना अकरा प्रकारचे 'बरं' ओळखता येऊ लागले होते, बाहेरच्यांना एकही येत नव्हता.

ॲप केले ते धाकट्या जावेने. ती वरच्याच मजल्यावर राहते आणि शाळेत संगणक शिकवते. पडद्यावर चौकोन, चौकोनात चित्र, बोट लावले की वाक्य ऐकू येते. नाव ठेवले 'सांग'. आवाज बाईंचा, कारण घरात आवाजावर पोट असलेली त्या एकट्याच. कपड्यांच्या कपाटात डोके खुपसून त्यांनी साठ वाक्ये बोलून दिली. नंतर लक्षात आले की प्रत्येक वाक्याची सुरुवात 'कृपया'ने झाली होती. 'कृपया पाणी द्या.' 'कृपया पंखा बंद करा.' कोचना राग आला आणि त्यांनी रागाच्या चेहऱ्यावर बोट ठेवले, तर फोन अत्यंत नम्रपणे म्हणाला, 'कृपया मला थोडा वेळ एकटं सोडा.' त्या दिवशी तिघेही पोट धरून हसले.

पुढे जे झाले त्यावर कोणी हसले नाही. कोच काठी टेकत कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयात गेले, खुर्चीत बसले आणि खिशातून फोन काढून बटण दाबले. दुकानात सात-आठ पुरुष बसले होते. त्या सगळ्यांच्या मधोमध एका बाईचा मंजुळ आवाज म्हणाला, 'कृपया माझी दाढी करा.' माणसे वाईट नव्हती, पण हसू कोणाच्या हातात असते? कोच अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आले. फोन उशीखाली गेला. त्या दिवसापासून कोच उंबऱ्याबाहेर गेले नव्हते. दीड वर्ष झाले होते.

धाकट्या दिराच्या आवाजात वाक्ये घेऊन पाहिली. त्याने ती शोकसभेत बोलल्यासारखी वाचली. जावेने संगणकाचा तयार पुरुषी आवाज घातला. तो 'पाणी' असे काही म्हणे की तहानच मरून जाई. दोन्ही वेळा कोच "बरं" म्हणाले. हा पाचव्या प्रकारचा 'बरं' होता, विषय संपल्याचा. जावेने मात्र बाईंच्या आवाजातले 'सांग' कोणालाही घेता येईल असे खुले ठेवले होते, आणि त्याचीच आता बातमी झाली होती.

सकाळी नऊला प्रशासक साहेब बोर्डाच्या खोलीत स्वतः आले. ते कधी येत नसत.

"बाई, हे काय चाललंय? शस्त्रक्रिया विभागाला लाइन मिळत नाही. डॉक्टर मला मोबाईलवर ओरडताहेत."

"चूक माझी आहे साहेब," बाई म्हणाल्या. बोलता बोलता त्यांनी एक फोन रक्तपेढीला जोडून दिला. "सवयीनं हा नंबर सांगून बसले. निस्तरते मी."

"कसं निस्तरणार? पेपर घरोघरी गेला."

"जुन्या नोंदणीखिडकीची सात नंबरची लाइन दोन वर्षं रिकामी पडलीय. ती द्या मला. ॲपसाठी फोन आला की मी तिकडे वळवीन. एकाला दहा सेकंदांवर लागणार नाहीत."

"आणि तिथं उचलणार कोण?"

"माझी जाऊ. शाळेत रजा टाकून निघालीय. पोचेल आता."

साहेबांनी त्यांच्याकडे रोखून पाहिले. "म्हणजे सगळं ठरवून झालंय. आधी विचारायची पद्धत आहे, बाई."

"विचारतेय की."

साहेबांना हसू आले ते त्यांनी खोकल्यात लपवले. "किती दिवस?"

"शुक्रवारपर्यंत. पेपरातलं कौतुक तेवढंच टिकतं. नंतर लोक दुसरं काहीतरी वाचतात."

साहेब गेल्यावर बाईंनी एक खोल श्वास घेतला. आयुष्यात त्यांनी या रुग्णालयाकडे काही मागितले नव्हते, साधी खुर्चीवरची गादीसुद्धा नाही. पण आज गावाचे कान आपणहून त्यांच्या दारात आले होते, आणि शुक्रवारनंतर ते कोणाला सापडणार नव्हते. हे पाच दिवस हातचे घालवायचे नाहीत, एवढे त्यांनी मनाशी पक्के केले.

जाऊ आली ती जाडजूड वही घेऊनच. नोंदणीखिडकीच्या धुळकट खोलीत तिने स्टूल मांडले. दोघींनी ठरवले की प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारायचे. घरात बोलणे कोणाचे गेले? ॲपमध्ये कोणते वाक्य हवे होते आणि नाही? आणि तुमच्या घरात असा कोणी पुरुष आहे का, जो आमच्यासाठी वाक्ये वाचून पाठवील?

पहिल्या दोन प्रश्नांना लोक भरभरून बोलत. एकीच्या सासऱ्यांना शिवी हवी होती. "अहो, जन्मभर दिली त्यांनी. आता मनातल्या मनात देतात आणि रक्तदाब वाढतो." एका शिक्षिकेला वर्गात म्हणायचे ते 'खाली बसा' हवे होते, तेही नुसतेच, घरच्या घरी म्हणायला. एक निवृत्त पोस्टमन लिहू शकत होता. त्याने बायकोकरवी कळवले की दुःखाची वाक्ये पुष्कळ आहेत, जरा भांडणाची घाला. जाऊ लिहीत गेली. मंगळवारी संध्याकाळपर्यंत यादी एकशे बारा वाक्यांवर पोचली आणि त्यात 'कृपया' एकदाही नव्हता.

तिसऱ्या प्रश्नाला मात्र सगळे ढिले पडत. "आमच्यात कोणाचा एवढा चांगला आवाज नाही हो," असे म्हणून फोन ठेवीत. दोन दिवसांत पुरुषांचे आवाज आले फक्त नऊ. नऊच्या नऊ दिरासारखे.

"ताई, निम्मा आठवडा गेला," जाऊ म्हणाली.

"माहितेय मला."

"आणि दूरचित्रवाणीवाले उद्या येतो म्हणताहेत. त्यांना भावजी हवेत. कॅमेऱ्यासमोर."

त्या संध्याकाळी बाई कोचच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी सरळ विचारले. "अहो, टीव्हीवाले येणारेत. तुम्हाला दाखवायचं म्हणतात. लाखभर लोक बघतील. त्यातून आवाज मिळतील, कदाचित. तुम्ही म्हणाल तसं."

कोचनी स्वतःच्या लुळ्या हाताकडे पाहिले. मग भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाले, "बरं."

हा होकार नव्हता. बायकोसाठी मान खाली घालून केलेला तो सोसण्याचा 'बरं' होता, आणि बाईंना सगळ्या अकरांत तोच सर्वांत नकोसा होता. त्या म्हणाल्या, "नाही दाखवायचं. झालं. जेवा आता."

बुधवारी दुपारी वाहिनीची माणसे आली. त्यांची निर्माती तरुण, चटपटीत आणि भलतीच गोड बोलणारी होती.

"मॅडम, असं करू या. सर बटण दाबतात आणि फोनमधून तुमच्या आवाजात येतं, 'माझं तुझ्यावर प्रेम आहे.' तिथे तुमचा चेहरा घेऊ."

"तसं वाक्य नाहीये ॲपमध्ये."

"एका वाक्याचं काय, घालता येईल ना?"

"पंचवीस-तीस वर्षांत ते असं कधी म्हणाले नाहीत. आता अचानक म्हणाले तर मला पुन्हा डॉक्टर बोलवावा लागेल." बाईंनी हेडफोन कानावर नीट बसवला. "ते येणार नाहीत. मी आहे, हा बोर्ड आहे, आणि हे फोन आहेत."

निर्मातीचा चेहरा उतरला. "मग मॅडम, दाखवायचं तरी काय आम्ही?"

"खरं चाललंय ते. तुम्ही थेट प्रक्षेपण करता ना? कापाकापी न करता? मला तीन मिनिटं द्या. फोन चालू असतानाच घ्या. त्यानंतर मी रडले तर तेही घ्या, पण मी रडणार नाही, आधीच सांगते."

अठ्ठावीस वर्षे बाईंनी माणसांना थांबवले होते, जोडले होते, समजावले होते. गोड बोलणाऱ्यांना कसे वळवायचे हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. साडेचार वाजता कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. बाईंनी आलेले दोन फोन घेतले, एक अपघात विभागाला जोडला, एक सात नंबरला वळवला, आणि मग कॅमेऱ्याकडे न पाहता, बोर्डाकडे पाहतच बोलायला लागल्या.

"माझा आवाज चांगला आहे असं लोक म्हणतात. पण तो बाईचा आहे. पुरुष माणूस बाहेर जाऊन माझ्या आवाजात दाढी करा म्हणू शकत नाही. म्हटलं तर लोक हसतात. त्यांचाही दोष नाही. पण मग तो माणूस घरात बसतो, आणि बसूनच राहतो. मला कौतुक नको, फुलं नकोत. मला पुरुषांचे आवाज हवेत. चांगले नकोत, रोजचे हवेत. एकशे बारा वाक्यं आहेत, अर्धा तास लागतो. एक करा, आजारी माणसासाठी वाचतोय असं वाचू नका. तुम्ही घरात पाणी मागता तसं मागा. चिडता तसं चिडा. ज्याचं बोलणं गेलंय त्याला तुमची दया काय करायचीय? तुमचा अर्धा तास द्या."

मग त्यांनी नंबर सांगितला. या वेळी सात नंबरच्या लाइनचा, दोनदा, सावकाश. तेवढ्यात तिसरा दिवा लुकलुकला आणि बाई म्हणाल्या, "नमस्कार, रुग्णालय." निर्माती कॅमेऱ्याच्या मागे उभी होती. तीन मिनिटांची सात झाली तरी तिने थांबवायला हात वर केला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी साहेबांनी न सांगताच बाईंनी सात नंबरची लाइन बंद केली आणि खोली झाडून किल्ली परत दिली. तोवर तीनशे चाळीस आवाज आले होते.

शनिवारी दोघी जावा ऐकायला बसल्या. काही माणसांनी नाटकात असल्यासारखी वाचली होती. काहींच्या मागे पंखा, कोणाच्या मागे कुकर. एकाने 'गप्प बस' हे वाक्य इतक्या मनापासून वाचले होते की मागून बायकोचे उत्तरही आले होते. बाई डोळे मिटून ऐकत आणि एका वाक्यात निकाल देत, "नको, हा घाबरलाय." "नको, हा उपकार करतोय." दुपारपर्यंत अकरा आवाज निवडून झाले.

एवढ्यात बाई एकदम थांबल्या.

"काय झालं, ताई?"

"काही नाही. म्हटलं, यांच्या आवाजाच्या जवळपासचा कुठला आहे ते बघावं." त्या हेडफोनच्या वायरीशी चाळा करीत राहिल्या. "तर मला आठवेना."

जावेने पुढचा आवाज लावायचा थांबवला.

"हजार माणसं मी नुसत्या 'हॅलो'वरून ओळखते गं. आठ वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या डॉक्टरांना परवा ओळखलं. आणि यांचा आवाज डोक्यात आणायला गेले तर शब्द येतात, आवाज येत नाही. एकदाही भरून नाही ठेवला आपण. रोजच तर यायचा."

त्या रडल्या. टीव्हीसमोर आवरलेले सगळे त्या दुपारी बाहेर आले. मग नाक पुसून त्यांनी विचारले, "अकरा जणांना वाक्यांची शेवटची यादी पाठवलीस का?"

"आता पाठवते."

"त्यात एक वाढव. एकशे तेरावं." बाईंनी वाक्य सांगितले.

जावेने ते टाइप केले आणि पुन्हा वाचले. "हे कोणाला लागणार, ताई?"

"लागेल कोणाला तरी."

"आणि चित्र कोणतं घालू?"

"टेलिफोन."

पुढच्या रविवारी, यादी पुरी होऊन आल्यावर, कोचना अकरा आवाज ऐकवले. ते खिडकीपाशी बसून ऐकत होते आणि प्रत्येकाला मान हलवत होते. सातवा आवाज एका पंप दुरुस्त करणाऱ्याचा होता. खरखरीत, घाईतला, कामाच्या जागीच वाचलेला. 'मला बाहेर जायचंय' हे वाक्य चालू असताना तो मध्येच लांब कोणावर तरी ओरडला होता, "अरे झाकण लाव आधी, झाकण!" जावेकडून तो तुकडा कापायचा राहून गेला होता. ती ओशाळून फोन उचलायला गेली, तर कोच हसत होते. खांदे हलेपर्यंत हसत होते. त्यांनी डाव्या हाताने फोन स्वतःकडे ओढला, तेच वाक्य पुन्हा लावले, आणि पुन्हा.

"हाच?" बाईंनी विचारले.

"बरं," कोच म्हणाले. हा बारावा प्रकार होता. बाईंनी तो पूर्वी ऐकलेला नव्हता.

सोमवारी बोर्ड नेहमीसारखा होता. पेपरात दुसऱ्याच कोणाची तरी अर्ध्या पानाची बातमी होती आणि 'सांग'साठी सकाळपासून एकही फोन आला नव्हता. बाईंना वाईट वाटले नाही. वहीत चारशेच्या वर घरे नोंदलेली होती, आणि त्यातली बरीच माणसे आज आपापल्या खिडकीत बसून कोणाचा तरी रोजचा आवाज निवडत असतील. त्यांनी क्ष-किरण विभागाला एक फोन जोडला, बाळंतिणीच्या कोणा मावशीला खोलीचा क्रमांक सांगितला, आणि पुढचा दिवा लागला तशी कळ दाबली.

"नमस्कार, रुग्णालय. कोणाला जोडून देऊ?"

पलीकडून लगेच कोणी बोलले नाही. मागे पुरुषांच्या गप्पा चालल्या होत्या, कोणीतरी रेडिओ लावला होता आणि अगदी जवळ कात्री कचकच चालत होती. बाईंचे कान कात्रीवर थबकले.

"हॅलो? कोणाला जोडून देऊ?"

"ज्या बाई बोलताहेत," एक खरखरीत, घाईतला, अनोळखी आवाज म्हणाला, "त्यांनाच द्या."

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. चार वाजले होते. बोर्डावर दुसरी लाइन लुकलुकायला लागली, मागोमाग तिसरी. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच बाईंनी त्या तशाच लुकलुकू दिल्या.

"थांबा हं," त्या म्हणाल्या, "जोडते."

"बरं," पलीकडून कोच म्हणाले.